चौऱ्याण्णव सेंटिमीटरची बाही

मावशीच्या संकेतस्थळावर दोनशे चौदा पानं होती. त्या पानांवर उघडलेले टॅग नऊ हजार तीनशे अठरा. त्यांतले नीट बंद केलेले सहा हजार दोनशे चाळीस. राहिले तीन हजार अठ्ठ्याहत्तर. त्यांपैकी चारशे अकरा ठिकाणी बंद करायचा प्रयत्न झाला होता, पण बंद करायच्या खुणेतली तिरकी रेघ भलत्याच बाजूला कलली होती. दाराला कडी घातली, पण बिजागरीच्या बाजूने, असा प्रकार. आणि शिवाय सत्त्याऐंशी ठिकाणी मावशीने असं काहीतरी बंद केलं होतं, जे तिने मुळात कधी उघडलंच नव्हतं.

ही मोजणी तिच्या भाचीने केली. भाचीला घरात सगळे मोजपट्टी म्हणत. नाव लहानपणीच पडलं होतं, आणि पुढे पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा ते कायमचं चिकटलं. भाड्याची खोली मिळेपर्यंत ती मावशीकडे राहत होती. खोली तिला तीनदा मिळाली होती. पण एकीची भिंत काटकोनात नव्हती, आणि उरलेल्या दोन मावशीने परस्पर नाकारल्या.

मावशी म्हणजे विणकामातलं मोठं प्रस्थ. जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होती, त्यामुळे बोटं सुयांवर चालत तशीच कळफलकावर. कचेरीत एकदा वेबपानं बनवायचा छोटा वर्ग भरला होता. त्यात मावशीला कळलं की मजकुराच्या आधी आणि नंतर टॅग नावाच्या खुणा लिहायच्या असतात. पहिली खूण सांगते, इथून अक्षरं जाड कर. दुसरी सांगते, बास, आता थांब. एवढ्या भांडवलावर मावशीने स्वेटर, टोप्या, मोजे यांच्या कृती लिहून काढायला सुरुवात केली, त्या हाताने टाइप करून एका फुकटच्या जागेवर चढवल्या, आणि बघता बघता कुठकुठल्या बाया-बापड्या त्या वाचून विणू लागल्या.

"पण मावशी, तू उघडतेस आणि बंदच करत नाहीस," मोजपट्टी म्हणाली. समोर आकड्यांचा कागद होता.

"बंद करायचं दुसऱ्या तासाला शिकवलं," मावशी म्हणाली. "त्या दिवशी मला सर्दी होती."

"मग हे सहा हजार दोनशे चाळीस कसे बंद झाले?"

"लोकांची पानं बघून बघून शिकले. पण एकदा सवय लागली ती लागली."

हे खोटं नव्हतं. मावशी घरातही उघडायची ती उघडंच ठेवायची. कपाटं, खण, बरण्या, पेनं, नळ, गोष्टी. गोष्टींचं तर विचारायलाच नको. एका लग्नातल्या भांडणाची गोष्ट ती मोजपट्टी शाळेत असल्यापासून सांगत होती आणि अजून भांडण सुरू व्हायचं होतं. तिच्यामागून काका फिरत. काका म्हणजे मावशीचे यजमान, स्वभावाने शांत, पायात मऊ सपाता. ते मावशीच्या मागे चार पावलं ठेवून घरभर चालत आणि एकेक खण हलकेच आत ढकलत. आवाज होत नसे. पाहुण्यांना तर वाटे की या घरातले खण आपोआप बंद होतात.

हे सगळं असंच चाललं असतं. पण ती फुकटची जागा ज्या कंपनीची होती, तिने कळवलं की महिनाअखेर आम्ही गाशा गुंडाळतोय, आपापलं सामान हलवा. दोनशे चौदा पानं महिनाअखेर नाहीशी होणार होती. मावशी दोन दिवस जेवली नाही. म्हणजे जेवली, पण बोलली नाही, आणि ते जास्त काळजीचं होतं.

मोजपट्टी मध्यवर्ती वाचनालयात गेली. तिथे लोकांची जुनी संकेतस्थळं जपून ठेवायचा विभाग होता. त्याचे ग्रंथपाल इस्त्रीच्या कपड्यांतले, बोलतानाही घडी न मोडणारे.

"अवश्य घेऊ," ते म्हणाले. "दोनच अटी. लेखिकेची संमतीपत्रावर सही. आणि आमच्या तपासनीस प्रोग्रॅमने पानात चूक दाखवता कामा नये."

"एकही नाही?"

"शून्य."

"दोनशे चौदा पानांत समजा एखाद-दुसरी राहिली तर..."

"बाईसाहेब, तुम्ही वजनकाटे तपासता म्हणालात ना? शून्यावर काटा थोडासा हलला तर चालतो?"

मोजपट्टीला हा माणूस एकदम आवडला.

घरी येऊन तिने दुरुस्तीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. हाताने एकेक पान नीट करायचं तर महिनाच काय, मावशीच्या गोष्टीतलं ते लग्नातलं भांडणही संपलं असतं. पहिला प्रोग्रॅम साधा होता. पान वरून खाली वाचायचं, जे जे उघडं दिसेल त्याची आठवण ठेवायची, आणि पान संपलं की शेवटी सगळं एकदम बंद करायचं, सर्वांत शेवटी उघडलेलं सर्वांत आधी. भांडी एकात एक ठेवतात तसं. तपासनिसाने उघड्या टॅगांच्या चुका शून्य दाखवल्या. पण पान पडद्यावर दिसायला जसं होतं तसंच राहिलं, आणि ते मोजपट्टीला बघवेना.

कारण मावशीचं पान तिरकं होतं. प्रत्येक कृतीत काठ, धड, बाही असे भाग होते, आणि प्रत्येक भाग सुरू करताना मावशी मजकूर थोडा आत सरकवणारा टॅग उघडत असे. तो बंद न केल्यामुळे पुढचा भाग आणखी आत, त्याच्या पुढचा आणखी आत. पानाची डावी कड डोंगराच्या उतारासारखी उजवीकडे घसरत जाई. मोठ्या कृतींच्या तळाशी गळ्याच्या ओळी उजव्या कडेला अशा दाटीवाटीने चिकटत की एका ओळीत एकच शब्द मावे.

"ही दुरुस्ती नाही झाली," मोजपट्टी काकांना म्हणाली. "चुकीला नुसतं कायदेशीर केलं मी."

"चूक कोण म्हणालं?" काकांनी विचारलं आणि टेबलाचा खण बंद केला.

"दिसतंयच की, काका. प्रत्येक भाग सारखाच आत हवा. ती बंद करायला विसरली, एवढंच."

तिने दुसरा प्रोग्रॅम लिहिला. हा हुशार होता. नवीन भाग उघडतोय असं दिसलं की तो आधीचा भाग तिथल्या तिथे बंद करी. कलती रेघ सरळ करी, एकमेकांत अडकलेले टॅग सोडवी, आणि कधी न उघडलेल्याचं बंद करणं पुसून टाकी. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत दोनशे चौदा पानं सरळ झाली. शिस्तीत, रांगेत, शाळेच्या कवायतीसारखी. तपासनिसाचं शून्य होतंच. मोजपट्टी खुर्चीत मागे रेलली आणि आपल्यालाच शाबासकी द्यावी की काय, या विचारात पडली.

मावशीने पान पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला.

"माझं पान असं भिंतीला पाठ टेकून काय बसलंय?"

"सरळ झालंय, मावशी."

"आजारी दिसतंय."

"काय बिघडलंय ते सांग ना."

मावशीला सांगता येईना. खरं म्हणजे तिने आपली पानं कैक वर्षांत उघडून पाहिली नव्हती. लिहिणाऱ्याला कृती पाठ असते. वाचायची गरज विणणाऱ्याला. पण हार मानणं मावशीच्या कुंडलीत नव्हतं.

"नर्सबाई या नव्या पानावरून तुझ्या काकांचा स्वेटर विणतील," तिने जाहीर केलं. "तो नीट उतरला तर सही करते. नाहीतर बुडू देत पानं. भलतंसलतं लिहिलेलं माझ्या नावावर जपून ठेवण्यापेक्षा बुडालेलं बरं."

"अगं पण महिनाअखेर..."

"नर्सबाईंचा हात चालतो. तुझा प्रोग्रॅम चालतो का ते बघू."

नर्सबाई शेजारच्याच दारात राहत. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिस्त निवृत्त झाली नव्हती. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना छापील मजकूर म्हणजे चैन. लिहिलंय त्यापेक्षा एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही, हा त्यांचा बाणा. शिवाय मावशीच्या कृतींवरून त्यांनी आजवर ढीगभर स्वेटर विणले होते. यापेक्षा चांगली परीक्षक मिळणं शक्य नव्हतं. मोजपट्टीने आनंदाने राखाडी लोकर आणून दिली.

पुढचे दिवस घरात शांतता होती. मधे एकदा नर्सबाईंचा फोन आला. मावशी आत काहीतरी शोधत होती. काकांनी फोन घेतला, ऐकलं, आणि आत ओरडून विचारलं, "अगं, पहिल्या उतारावरचं सगळं का, विचारतायत."

"हो, हो, सगळं!" मावशी कपाटातून म्हणाली.

मोजपट्टीने हे ऐकलं. तिला वाटलं कुठल्या तरी सहलीचं चाललंय.

महिना संपायला आठवडा राहिला होता तेव्हा नर्सबाई पिशवी घेऊन आल्या. चेहऱ्यावर वॉर्डातल्या फेरीचे भाव: कर्तव्य केलंय, निकाल डॉक्टरांनी बघावा.

"घाला," त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी स्वेटर डोक्यातून घातला. धड झकास बसलं. मग त्यांनी डावा हात बाहीत घातला. हात आत गेला आणि गेलाच. बोटं बाहेर यायची वाट बघत तिघी उभ्या राहिल्या. बोटं आली नाहीत. बाही कोपराच्या पुढे गेली, मनगटाच्या पुढे गेली, आणि तिचा काठ काकांच्या गुडघ्याला लागून लोंबत राहिला, हत्तीची सोंड लोंबावी तसा.

"उबदार आहे," काका म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "उजवा हात कुठे घालू?"

उजव्या बाजूला बाही नव्हती. नुसतं भोक होतं, कडेचे टाके नीट बंद केलेलं.

मावशी खाली बसली. "नर्सबाई, अहो, हे काय हो?"

"जे लिहिलंय ते," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "मलाही शंका आली. म्हणून फोन केला. विचारलं, पहिल्या उतारावरचं सगळं ना? तुम्ही म्हणालात, हो हो, सगळं."

"ते बरोबरच आहे! पहिल्या उतारावरचं सगळंच विणायचं असतं!"

"मग विणलं."

"आणि उजवी बाही?"

"उजव्या बाहीला लिहिलंय, तिसऱ्या उतारावरचं सगळं पुन्हा विणा. मी पान वरपासून खालपर्यंत चारदा बघितलं. तिसरा उतारच नाही. जे औषध कपाटात नाही ते मी पेशंटला कसं देणार? म्हणून थांबले."

"पण पहिल्यांदाच थोडी विणताय तुम्ही माझा स्वेटर! उतार असे नाहीसे झालेले बघून विचारायचं तरी."

"वाटलं, नवीन उपचारपद्धती आली असेल. तुमच्या घरी आता सायन्सवाल्या आहेत ना."

सगळ्यांनी सायन्सवालीकडे पाहिलं. काकांनीही, सोंडेसकट.

मावशीचा आवाज चढला. "बघ! बघ तुझी दुरुस्ती! इतकी वर्षं माझ्या पानांवरून लोक दोन हातांचे स्वेटर विणतायत. तू एकदा सरळ केलंस आणि माणसाचा हातच गेला. मी सही करणार नाही. एकही पान द्यायचं नाही त्या वाचनालयाला."

"मावशी, टॅगमध्ये एकही चूक..."

"टॅग घालायचा का यांनी थंडीत?"

मावशी उठून आत गेली. तिच्यामागे चार खण उघडे राहिले. काका बंद करायला गेले नाहीत. त्यांना एका हाताने काही जमत नव्हतं.

मोजपट्टीची पाचावर धारण बसली होती. तिच्या चुकीपायी पानं बुडणार होती. आणि चूक नक्की कुठे आहे तेच तिला कळत नव्हतं. अशा वेळी तिला एकच गोष्ट सुचत असे, तीच सुचली. तिने खिशातून टेप काढली.

"काका, हात सरळ धरा."

"कुठला ते स्पष्ट दिसतंय," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

बाही चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरली. मोजपट्टी ती खालून वर निरखत गेली. आणि मग तिच्या लक्षात आलं की ही एक बाही नाही. खालचे सहा सेंटिमीटर एक सुलट, एक उलट असा काठ होता. त्यापुढे वीण बदलत होती: दोन वेण्यांची नक्षी, हुबेहूब काकांच्या पोटावर होती तीच. तिने मोजलं. अठ्ठेचाळीस. त्यानंतर नक्षी संपून साधी वीण, ती थेट काखेपर्यंत. चाळीस. सहा, अठ्ठेचाळीस, चाळीस. काठ, धड, बाही. नर्सबाईंनी काकांच्या एका हातावर अख्खा स्वेटर विणला होता.

"पुढे काही दिसतंय का?" काकांनी विचारलं.

"तुमचं पोट," मोजपट्टी म्हणाली आणि संगणकाकडे पळाली.

तिने ते पान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाचलं. नऊ हजार तीनशे अठरा टॅग तिने तपासले होते, त्यांच्या मधलं एकही वाक्य वाचलं नव्हतं. वाक्य असं होतं: "बाहीसाठी मनगटाचे टाके घाला. पहिल्या उतारावरचं सगळं पुन्हा विणा, मग साध्या विणीत चाळीस सेंटिमीटर." आणि थोडं खाली: "उजव्या बाहीसाठी तिसऱ्या उतारावरचं सगळं पुन्हा विणा."

तिने जुनं, तिरकं पान शेजारी लावलं. तिथे काठ पहिल्या उतारावर होता, धड दुसऱ्या, बाही तिसऱ्या. पहिल्या उतारावरचं सगळं म्हणजे नुसता काठ, सहा सेंटिमीटर. तिच्या नव्या पानात मात्र सगळे भाग शिस्तीने एकाच रांगेत उभे होते. सगळंच पहिला उतार. तिसरा उतार तिने स्वतःच्या हाताने मोडला होता.

तिने "उतार" हा शब्द सगळ्या पानांवर शोधला. दोनशे चौदापैकी एकशे त्र्याहत्तर पानांवर सापडला.

ती आत गेली. मावशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि हातातली सुई तावातावाने चालली होती.

"मावशी, उतार म्हणजे काय गं?"

"आता विचारतेस?"

"आता विचारते."

मावशी जराशी वळली. "काय असायचंय? मी लिहायला लागले, तर नवीन भाग आला की पान आपोआप थोडं आत जायचं. मला वाटलं, संगणकाला कळतंय, आता बाही आली म्हणून. केवढं हुशार यंत्र! मग एकीने विचारलं, ते काठाचं सारखं सारखं का लिहिता? तेव्हा मी लिहायला लागले, अमक्या उतारावरचं पुन्हा. सगळ्याजणींना कळतं. फोनवर सुद्धा म्हणतात, मी चौथ्या उतारावर अडकलेय."

"म्हणजे तू मुद्दाम नव्हतं केलंस."

"मुद्दाम नव्हतं. पण चूकही नव्हती."

मोजपट्टीने यावर विचार केला. तिच्या प्रयोगशाळेत अशा गोष्टीसाठी रकाना नव्हता.

"पण मग मी कसं ओळखायचं," ती बाहेर येऊन काकांना म्हणाली, "काय खरंच विसरलीय आणि कशाचा वापर होतोय?"

काका अजून स्वेटरातच होते. नर्सबाई सोंडेच्या काखेकडच्या टोकाशी बसून उसवायला सुरुवात करत होत्या, आणि राखाडी लोकरीचा गुंडा काकांच्या हातापासून हळूहळू मोठा होत होता.

"तिच्या पलंगाशेजारचा वरचा खण पाहिलास?" काका म्हणाले. "तो मी बंद करत नाही. नवीन नवीन करायचो. त्यात तिचा चष्मा असतो. खण बंद केला की तिला चष्मा सापडत नाही, आणि चष्म्याशिवाय तिला खण सापडत नाही."

"हे तुम्ही आधी विचारून घेतलंत?"

"छे. आधी बोलणी खाल्ली, मग कळलं. पण तू शिकलेली आहेस, तू आधी विचार."

तेव्हा मोजपट्टीने तिसरा प्रोग्रॅम लिहिला. खरं म्हणजे तो पहिलाच होता, ज्याला ती बावळट समजली होती: सगळं उघडं राहू दे आणि पान संपलं की एकात एक बंद कर. फरक एवढाच की कलत्या रेघांची डागडुजी यात दुसऱ्यातून घेतली होती, आणि हा प्रोग्रॅम टॅगबरोबर मजकूरही वाचे. पानावर उतार शब्द असला तर भागांना हात लावायचा नाही. नसला तर सरळ करायचं. आणि ज्याची खात्री नाही ते मावशीला विचारायचं.

विचारायच्या गोष्टी बऱ्याच निघाल्या. मावशी, मोजपट्टी आणि काका संध्याकाळभर टेबलाशी बसले. नर्सबाई कोपऱ्यात दुसरंच काहीतरी विणत होत्या.

"इथे जाड अक्षर सुरू झालंय, ते थेट पानाच्या शेवटापर्यंत. मुद्दाम?"

"मुद्दाम. तिथून पुढे लक्ष देऊन विणायचं असतं."

"बरं. आणि या मोज्यांच्या पानावर पहिल्या ओळीपासूनच जाड आहे."

"मोज्यांना पहिल्यापासूनच लक्ष लागतं."

"आणि या पानावर तुझा फोन नंबर जाड आहे, आणि त्यानंतरचं सगळं जाड, आणि तिरकं, आणि लाल."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. नर्सबाईंच्या सुया थांबल्या.

"ते," ती म्हणाली, "विसरले असेन."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि आजच्या तारखेवर पेन्सिलीने गोल केला. मावशीने त्यांच्याकडे बघितलं. काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आणि हे सत्त्याऐंशी," मोजपट्टी म्हणाली. "जे उघडलंच नाही ते बंद केलंस, ते पुसू?"

"राहू दे की. कुणी पुढेमागे उघडलं तर?"

"मावशी."

"पूस, बाई, पूस. तुझ्या समाधानासाठी."

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी पानं घेऊन ग्रंथपालांकडे गेली. त्यांनी पहिलंच पान पडद्यावर उघडलं आणि मान हळूहळू उजवीकडे कलवली.

"हे घसरतंय."

"हो."

"खालच्या ओळीत तर एकेकच शब्द आहे. दुरुस्त करायचं राहिलं की काय?"

"तपासनिसाला विचारा."

ग्रंथपालांनी तपासनीस चालवला. दोनशे चौदा पानं. पडद्यावर आकडा आला. त्यांनी मान सरळ केली, आकडा पाहिला, मान पुन्हा कलवून पान पाहिलं.

"शून्य," ते म्हणाले. त्यांच्या आवाजाची घडी जराशी विस्कटली होती.

"शून्यावर काटा हलतोय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय," ग्रंथपाल म्हणाले. "सही आणा."

पण सही अजून झाली नव्हती. मावशीचा शब्द म्हणजे शब्द: आधी स्वेटर, मग सही. नर्सबाईंनी उसवलेली लोकर धुऊन, वजन लावून, वाळवून घेतली होती. एवढ्यावर दोन बाह्या होतात का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि नवीन लोकरही मागितली नाही. दुरुस्त केलेलं पान त्यांनी पुढ्यात ठेवलं. पहिला उतार होता. दुसरा होता. तिसरा उतार दिसला तेव्हा त्यांनी त्याला बोट लावून खात्री करून घेतली. मग त्यांनी विणायला घेतलं. दारावरून जाताना फक्त सुयांचा आवाज ऐकू येई.

मावशी वरून बेफिकीर होती. पण रोज काहीतरी उसनं मागायच्या निमित्ताने शेजारी जाऊन येई. पहिल्या दिवशी कात्री मागितली, मग सुई, मग पुन्हा कात्री. घरात कात्र्या पाच झाल्या.

"कुठवर आलंय?" मोजपट्टी विचारी.

"मी कशाला बघू? मी कात्री आणायला गेले होते." आणि मग दारातून, पाठमोरी: "दुसऱ्या बाहीच्या काठावर."

महिन्याच्या अखेरच्या दिवशी, वाचनालय बंद व्हायच्या बरंच आधी, नर्सबाई पिशवी घेऊन आल्या. संमतीपत्र टेबलावर होतं. मावशी पेनाचं टोपण काढून बसली होती. टोपण कुठे ठेवलं ते तिला माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं, त्यांच्या खिशात होतं.

काकांनी स्वेटर डोक्यातून घातला. डावा हात आत गेला. सगळे बोटांची वाट बघत उभे राहिले. बोटं आली. मग उजवा हात आत गेला.

"हलवा बरं दोन्ही हात," नर्सबाई म्हणाल्या.

काकांनी हात हलवले. मग जाऊन टेबलाचा उघडा खण बंद केला, आधी डाव्या हाताने, आणि पुन्हा उघडून उजव्या हाताने.

"बसला की छान!" मावशी म्हणाली आणि पेन कागदावर टेकवलं. मग उचललं. "थांब. डोळ्यांचं काय खरं? आधी मोज."

मोजपट्टीने टेप काढली, काठापासून काखेपर्यंत धरली, दोन्ही बाजूंनी दोनदा वाचली. नर्सबाईंनी पिशवीतून उरलेला छोटा गुंडा काढून टेबलावर ठेवला. मोजपट्टीने तोही उलगडून मोजला.

डावी बाही सेहेचाळीस सेंटिमीटर. उजवी बाही सेहेचाळीस सेंटिमीटर. उरलेली लोकर साडेपाच मीटर.